आमच्यात भोपळा चालत नाही

देवासचे लोक दोघांनाच वचकून असतात, टेकरीवरच्या देवीला आणि आमच्या आतोबांना. त्यातल्या त्यात देवी बरी. नारळ फोडला, नवस बोलला की ती मागचं विसरते. आतोबांपुढे नारळ ठेवलात तर तो आणला कुठून आणि आत पाणी आहे हे दुकानदाराला कुणी सांगितलं, इथून चौकशी सुरू होते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्यामुंबईकडे त्यांना नुसतं 'काका' म्हणून मोकळे होतात म्हणे. आमच्याकडे, मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात येऊन राहिलेल्या घरांतून, आतोबा अजून आतोबाच आहेत आणि मावसोबा मावसोबाच. नव्या सुनेला आधी कुणाला काय म्हणायचं ते पाठ करावं लागतं, स्वयंपाकघर त्यानंतर.

आतोबांची सगळी नोकरी एका विमा कंपनीत गेली. गुरांच्या विम्याचे दावे तपासायचे, हे काम. बैल मेल्याचा दावा आला की इतर तपासनीस टेबलाशी बसून कागद बघत. पंचनामा आहे, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आहे, सरपंचाची सही आहे, झालं, शिक्का मारा. आतोबा मात्र बस धरून बैल बघायला जात. "मेला असला तरी कुठेतरी असेलच की!" हे त्यांचं म्हणणं. खातेगावच्या पुढे एका गावात असेच गेले. सगळ्या गावानं डोळ्यांत पाणी आणून बैलाचे गुण गायले, कुठे पुरला ती जागा दाखवली. आतोबांनी चहा घेतला, दुसरा घेतला, खाटेवर निवांत बसून राहिले. दिवस कलला तशी गुरं परतली आणि त्यांच्यात तो स्वर्गवासी बैलही घंटा वाजवत आपल्या पायांनी गोठ्यात शिरला. गावानं मालकाकडे बघितलं. शेवटी मालक म्हणाला, "साब, ये उसका भाई है." आतोबा शांतपणे म्हणाले, "होगा. पण त्याच्या कानातला विम्याचा बिल्ला याच्या कानात कसा आला?" तेव्हापासून 'बैल कुणी पाहिला?' हा आतोबांचा मंत्र झाला. तुम्ही काहीही सांगा, त्यावर त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? बैल कुणी पाहिला?

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात. आतोबा गावाला लागले. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे," की आतोबांनी विचारलंच, "हे मुलानं सांगितलं, की पानवाल्यानं?" एक ठरत आलेलं लग्न त्या प्रश्नावर मोडलं. आत्या महिनाभर त्या गल्लीतून गेली नाही. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी सकाळी उठून 'कोमट पाण्यात हळद घ्या, गुडघे दुखायचे राहतील' असं टाकलं की खाली आतोबांचं उत्तर: 'कुणाचे राहिले? नाव, गाव.' हळूहळू ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा उरल्या आणि त्याही लोक जन्माची खात्री करूनच देऊ लागले. भाजीवाल्याला ते विचारायचे, "पालक आज की है, ये किसने कहा? तुमने तोड़ी?" तो बिचारा एकदा हात जोडून म्हणाला, "भिया, पैसे मत दो, ऐसे ही ले जाओ, पर मेरा बयान मत लो!"

अशा माणसाच्या घरात एक गोष्ट मात्र कुणीही, कधीही, कशीही तपासलेली नव्हती. आतोबांच्या घरी लाल भोपळा चालत नाही. शिजवायचा नाही, चिरायचा नाही, उंबरठ्याच्या आतच आणायचा नाही. कारण काय, तर त्यांचे कुणी खापरपणजोबा लढाईत जखमी होऊन भोपळ्याच्या वेलांत लपले. शत्रूच्या स्वारानं वेलांत भाला खुपसला, तो नेमका एका भोपळ्यात रुतला आणि खापरपणजोबा वाचले. भोपळ्यानं वंश राखला, म्हणून वंशानं भोपळा राखायचा. ही गोष्ट सांगताना आतोबांचा आवाज भरून यायचा. माझ्या लहानपणी त्या गोष्टीत एक भाला होता. मी नोकरीला लागेपर्यंत त्यांचे सात झाले होते, आणि एकदाही कुणी म्हणालं नाही की आतोबा, बैल कुणी पाहिला?

आता यात आमच्या आत्याचं काय झालं, ते ऐका. माझ्या आत्याला जगात सगळ्यांत काय आवडायचं तर घारगे. लाल भोपळा किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून तळलेले ते गोड वडे. लग्नाआधी ती ते चोरून खायची, असं माझे वडील सांगतात आणि वडिलांनी ते स्वतः पाहिलेलं आहे. लग्न झालं आणि घारगे सुटले. बरं, सासरी नाही तर नाही, माहेरी तरी खावेत की नाही? छे! एकदा त्या घरची झाली म्हणजे झाली. माहेरपणाला आली की आम्हा पोरांसाठी परात भरून घारगे करायची, आणि स्वतः? चिमूटभरसुद्धा जिभेवर ठेवायची नाही. पहिला घारगा मला द्यायची, पदरानं कपाळ पुसत माझ्या तोंडाकडे बघत राहायची आणि विचारायची, "गोड झालेत का गं?" मी मान हलवली की तिचा चेहरा असा काही फुलायचा की जणू तिनंच खाल्ला. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. मोठी झाल्यावर राग यायला लागला. त्या न पाहिलेल्या खापरपणजोबांचा यायचा, भोपळ्याचा यायचा आणि खरं सांगायचं तर आतोबांचा सर्वांत जास्त यायचा.

मी इथल्याच एका शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी आठवीला प्रोजेक्ट आला: 'हमारे परिवार की एक परंपरा'. मुलांनी फाइली आणून दिल्या. उघडून बघते तो सगळ्या वर्गाची परंपरा एकच, मजकूर एकच आणि आजीचा फोटोही एकच. आजी दिसायला परदेशी, केस निळसर. एका चिरंजीवांनी तर घाईत बुटांची जाहिरातसुद्धा छापून आणली होती, परंपरेच्या मध्येच. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, इन्हें रिसर्च करना सिखाइए, प्रदर्शनी से पहले." मी म्हटलं, देवा, मला तरी कुठे येतं? आणि विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात तशी मी स्कूटर काढून थेट आतोबांच्या दारात गेले.

आतोबांनी नवा सदरा घातला आणि शाळेत आले. पहिल्या तासाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या शाळेच्या मागच्या बाजूला कसलं झाड आहे?" पटापट फोन निघाले. शाळेत फोन आणायला बंदी आहे, तरी इतके निघाले की मीच बघत राहिले. फोनला झाड ठाऊक नव्हतं. एक पोरगा हुशारीनं म्हणाला, "नीम है, सर." "तू पाहिलास?" "नहीं, पर पीछे नीम ही होता है." आतोबा सगळ्या वर्गाला घेऊन मागे गेले. चिंच होती. वर्षानुवर्षं तिच्या चिंचा खाणारी ती पोरं तिच्याकडे अशी बघत होती, जणू झाड रातोरात आलं आहे.

मग रोज एक एक कानमंत्र. "विषय आणू नका, प्रश्न आणा. परंपरा हा विषय झाला. आमच्या घरी अमक्या दिवशी चूल का पेटत नाही, हा प्रश्न." "जो सांगतो त्याला विचारा, तुला कुणी सांगितलं. असं मागे मागे जा, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो सापडेपर्यंत." "एका माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका, दोन गाठा. आणि ते दोघे असे हवेत की ज्यांचं एकमेकांकडे चहापाणी नाही. एकत्र चहा पिणारे लोक एकच गोष्ट सांगतात." "म्हाताऱ्या माणसाला एकदम मोठं विचारू नका. लहानपणी काय खायचात ते विचारा, बाकीचं आपोआप बाहेर येतं." आणि शेवटचं, जे ते फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचे: "माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. त्याचेसुद्धा गुण आहेत." मुलं खुळी झाली त्यांच्यापायी. मराठी घरांतली असून धड मराठी न वाचणारी पोरंसुद्धा 'बैल किसने देखा?' करत गावभर हिंडायला लागली. लौकरच पालकांचे फोन सुरू झाले. एका वडिलांनी आयुष्यभर 'मी दहावीत पहिला आलो होतो' म्हणून मुलाला रागावलं होतं. मुलानं चौकशी मागे मागे नेली आणि ती त्यांच्याच वर्गमित्राच्या किराणा दुकानात जाऊन थांबली. ते गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, प्रोजेक्ट बंद करवाइए, घर में इज्जत नहीं बची."

वर्गात रुचिता नावाची एक मुलगी आहे. वडिलांचं शिलाईचं दुकान, आजी-आजोबा तिच्या लहानपणीच गेले. बाकीच्यांना प्रश्न सापडले, ती तशीच बसून. "आजोबा, हमारे यहाँ तो कुछ परंपरा ही नहीं है," म्हणाली आणि डोळे भरून आले. आतोबांना गहिवरून आलं. कर्णानं कवचकुंडलं काढून द्यावीत तशा थाटात ते म्हणाले, "रडू नकोस बेटा. माझ्या घरची घे. भोपळ्याची." आणि भाल्यासकट सगळी कहाणी सांगितली. रुचितानं डोळे पुसले, पेन उघडलं आणि विचारलं, "आपको किसने बताया?"

"माझ्या आईनं."

"उनको?"

"तिला... तिच्या सासूबाईंनी सांगितलं असेल."

"'असेल' लिहूँ, या 'माहीत नाही' लिहूँ?"

मी मागच्या बाकावर वह्या तपासत होते. आतोबांनी फळ्यावर स्वतःच मारलेल्या रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "माहीत नाही, लिही."

पोरगी तिथे थांबती तर बरं होतं. पण तिला शिकवणारा गुरू कसला होता! तिनं दुसरा साक्षीदार शोधला. आतोबांचे लांबचे चुलत भाऊ सोनकच्छला राहतात. खापरपणजोबा एकच, आणि जमिनीवरून तंटा झाल्यापासून दोन्ही घरांचं चहापाणी बंद, म्हणजे साक्षीदार अगदी नियमाबरहुकूम. रुचिताच्या मामाचं घरही सोनकच्छला. रविवारी आईबरोबर तिकडे गेली, तशी त्यांच्या घरी धडकली. सोमवारी वर्गात उभी राहून तिनं सांगितलं, "आजोबा, उनके यहाँ कद्दू चलता है. भाला-वाला कोणीच ऐकलं नाही. मैं गई तब भी कद्दू की ही सब्जी बनी थी. चांगली होती. मैंने दो बार ली."

आतोबा आधी म्हणाले की घराण्याची ती पातीच वाया गेलेली आहे. मग घरी जाऊन न जेवता बसले. आत्या मला फोनवर म्हणाली, "अगं, काय करून ठेवलंस? हे भिंतीशी बोलताहेत." दोन दिवसांनी त्यांचा स्वतःचा फोन आला. "धारला मावशी आहे. आईची धाकटी बहीण. ती सांगेल. त्या पोरीला घे बरोबर." मी म्हटलं, आतोबा, राहू द्या ना, आपण तिला दुसरा प्रश्न देऊ. तर म्हणाले, "बैल मेलाय की जिवंत आहे ते आता मलाच बघायचंय."

गाडी करून आम्ही धारला गेलो. आतोबा, आत्या, मी आणि घरून परवानगी घेतलेली रुचिता. धारच्या मावशी नव्वदीच्या पुढच्या. दात एकही नाही, कान मात्र असे तिखट की शेजारच्या घरातलं भांडण त्या आम्हाला मध्ये मध्ये समजावून सांगत होत्या. रुचितानं शिकवल्याप्रमाणे सुरुवात खाण्यापासून केली. "आजी, लहानपणी तुम्ही काय खायचात?" मावशी सुरू झाल्या आणि बहिणीवर आल्या. "ताईला काही म्हणजे काही चालायचं, एक भोपळा सोडून. वासानंसुद्धा उलटी व्हायची तिला. आणि दिली कुठे, तर देवासला, परसात भोपळ्याचे वेल असलेल्या घरात! रोज भोपळा. नवी नवरी, 'आवडत नाही' कशी म्हणणार? चार दिवसांत वाळून काडी झाली. पहिल्या सणाला आली तेव्हा आमच्या आईनं तिला शिकवून धाडलं. म्हणाली, पोरी, 'आवडत नाही' म्हणशील तर हट्टी ठरशील. 'आमच्यात चालत नाही, देवीचं आहे' असं म्हण, कुणी पुढे विचारणार नाही. आणि नाही विचारलं हो कुणी! सासूनं दुसऱ्या दिवशी वेल उपटून टाकले."

"आणि भाला?" आतोबांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मावशी खदखदून हसल्या. "अरे, तो तुझ्यामुळे! तू लहानपणापासूनच असा चौकस. 'का चालत नाही, का चालत नाही' करून तिचं डोकं खायचास. शेवटी तुझ्या तोंडात घालायला तिनं तो भाला रचला. मला तिनंच सांगितलं, इथे, याच ओसरीवर बसून. म्हणाली, कार्टं तेवढ्यावर गप्प बसलं एकदाचं."

सगळ्या माळव्याला प्रश्न विचारणारा माणूस तेवढ्यावर गप्प बसला होता, आणि जन्मभर गप्प बसला होता. मला हसू आवरेना. तेवढ्यात आत्याकडे लक्ष गेलं आणि हसू विरलं. ती पदराशी चाळा करत होती. "सासूबाई हुशार हो," ती म्हणाली. "मला नाही सुचलं असलं काही." रुचितानं लगेच तिच्याकडे तोंड वळवलं, पेन हातातच होतं. "आजी, आपको कद्दू पसंद था?"

आत्याच्या आधी मीच सांगून टाकलं. घारगे सांगितले, परात सांगितली, 'गोड झालेत का गं' सांगितलं. आतोबा ऐकत होते. मग आत्याकडे न बघता म्हणाले, "कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सगळ्या जगाला विचारत होता," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, येईल माझी पाळी."

परतताना देवास आलं तेव्हा रुचितानं भीत भीत विचारलं, "आजोबा, लिहूँ?" मला वाटलं, आता आईची लाज राखायला हे नाही म्हणणार. आतोबा म्हणाले, "जसं ऐकलंस तसं लिही. आणि एक ओळ वाढव. माझ्या आजीच्या घरात माझ्या आईला 'आवडत नाही' म्हणायची सोय नव्हती, आणि माझ्या घरात माझ्या बायकोला 'आवडतं' म्हणायची नव्हती." प्रदर्शनात तो तक्ता लागला. परीक्षक बाईंनी वाचला आणि रुचिताला म्हणाल्या, "बेटा, भाले वाली कहानी ज़्यादा अच्छी थी, वही रखनी थी." पहिलं बक्षीस थर्माकोलच्या एका किल्ल्याला मिळालं. तो बाजारातून आणलेला होता, हे मी नव्हे, पोरांनी चौकशी करून काढलं.

दुसऱ्याच दिवशी आतोबा बाजारातून भलाथोरला भोपळा खांद्यावर घेऊन आले. भाजीवाल्याला एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा तो म्हणे घाबरून विचारत होता, "भिया, तबियत तो ठीक है?" पण इथे नवीनच पंचाईत. आत्याची साखर वाढलेली. गोडाला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. आत्या म्हणाली, "बघा नशीब! आमच्यात चालायला लागलं, तर डॉक्टरांच्यात चालत नाही." म्हणाली हसतच, पण भोपळ्यावरून हात फिरवत होती.

आतोबांनी चपला घातल्या. डॉक्टरांकडे जाऊन काय काय विचारलं ते मला कंपाउंडरनं सांगितलं. अजिबात म्हणजे किती? कणभर गूळ आणि वाटीभर गूळ सारखाच का? त्या दिवशी भात कमी केला तर? तुम्ही असा पेशंट स्वतः पाहिलात का? बाहेर रांग वाढली, आत बयान चालूच. अखेर डॉक्टरांनी आत्याचे सगळे रिपोर्ट पुन्हा मागवले, बघितले आणि सांगितलं, अर्धा घारगा, कधीमधी, जेवणातलं बाकीचं कमी करून. आयुष्यात आतोबांनी एवढा मोठा दावा मंजूर करून घेतला नसेल.

रविवारी मला बोलावणं आलं. आत्यानं भोपळा किसला, तो आतोबांनी चिरून दिला होता. कढईतून पहिला घारगा निघाला आणि सवयीनं तिनं तो माझ्यापुढे धरला. "बघ गं, गोड झालेत का." मी हात पुढे करणार, तोच आतोबांनी तो मधूनच घेतला. बोटं भाजली तरी सोडला नाही. फुंकून, दोन तुकडे करून अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले, तिच्या तोंडाकडे बघत. मी लहानपणापासून तो चेहरा ओळखते, फक्त तो आत्याचा असायचा.

"गोड झालाय का गं?" त्यांनी विचारलं.

आत्यानं डोळे मिटून घास घेतला. किती वेळ चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"गूळ थोडा कमी पडला," ती म्हणाली.

आतोबांनी मान हलवली. कुणी सांगितलं, असं विचारलं नाही.